अक्का छापच्या लेबलावरची कोरांटी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर चुका काढायला. बंद घरात दिवा आपोआप लागला म्हणे... अहो, वायरमनला बोलावलंत का? माझा धंदाच तसा होता. सगळी नोकरी भिंगातून छपाईचे ठिपके तपासण्यात गेली. जे भिंगाखाली दिसत नाही ते नाही, इतका सरळ मामला. अमावस्येला चौकात ठेवलेलं लिंबू ओलांडून भाजी आणायला जाणारी मी बाई. त्यामुळे खालचं सगळं लिहायला इतकी वर्षं का लागली, ते तुमच्या लक्षात येईल. शेवटी भाची म्हणाली, "मावशी, तू नाही लिहिलंस तर मी लिहीन, आणि मीठमसाला लावून लिहीन." मग मीच बसले लिहायला.

ही भाची डिझायनर आहे. परवा तिला मिठाईच्या एका खोक्यासाठी नेहमीच्या चार रंगांवर पाचवा, खास रंग टाकायचा होता. तिनं कॉम्प्युटरवर फाईल उघडली, पाचव्या रंगाचा वेगळा थर घेतला, बाकीच्या चार रंगांत तेवढी जागा कोरी केली — झालं. तोवर माझा चहासुद्धा निवला नव्हता. मी म्हटलं, "आम्हाला एवढ्याला आठवडा लागायचा," आणि बोलता बोलता नरसय्याशेठ आणि त्यांच्या अक्काची गोष्ट निघाली.

सोलापुरात चाटी गल्लीच्या मागच्या अंगाला एक ऑफसेट प्रेस होती. नाव सांगत नाही, आता ती नाही. आणीबाणी उठली त्या वर्षीचा हिवाळा. मी तिथं आर्टिस्ट होते — म्हणजे चित्र काढायचं, आणि ते छपाईला योग्य करून द्यायचं. मालकांना सगळे अप्पा म्हणत. त्यांनी मुंबईहून एक जुना प्रोसेस कॅमेरा आणला होता, कपाटाएवढा, आणि दसऱ्याला त्याला माझ्याहून मोठा हार घालत. मशीनवर गफूरभाई. मशीन एकरंगी, त्यामुळे पिवळा, लाल, निळा, काळा असा एकेक रंग छापायचा, कागद वाळवायचे, पुन्हा घालायचे. या चार रंगांच्या बारीक ठिपक्यांतून जगातले सगळे रंग निघतात असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगायचो. सगळे निघत नाहीत.

नरसय्याशेठ पूर्व भागातले, चादरीचे कारखानदार. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि आवाज असा की यंत्रमागाच्या खडखडाटावरून पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जावी. एका सकाळी ते एक जुना, कडा पिवळ्या पडलेला फोटो घेऊन आले. फोटोत एक कोवळी नवविवाहित मुलगी, खुर्चीवर ताठ बसलेली. उजवा हात मांडीवर, डावा हात घट्ट मिटलेला.

"ही माझी अक्का," ते म्हणाले. "आईबाप लहानपणीच गेले. हिनं मला सासरी सोबत नेलं, माग चालवला, मला वाढवलं. आता नवीन चादर काढतोय. नाव — अक्का छाप. लेबलावर ही पायजे. रंगीत."

मी म्हटलं, छान. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला, म्हणजे तो रस्त्याच्या या बाजूलाच ऐकू येईल एवढा. यंत्रमाग आणले तेव्हा त्यांनी अक्काचा जुना हातमाग विकून टाकला होता. तिला न विचारता. तो घेणाऱ्यानं सरपणाला फोडला. अक्का त्या दिवशी पेटी उचलून होटगीला मुलाकडे गेली, तो रेल्वेत होता, आणि त्यानंतर तिनं भावाच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. आता शेठच्या मुलीचं, पद्माचं लग्न ठरलं होतं. आणि पद्मा हट्टाला पेटली होती की आत्याचा हात लागल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही.

"चार वेळा माणसं धाडली, आली न्हाय," शेठ म्हणाले. "हे लेबल घेऊन मी सोता जाणार. बघून तरी इरघळंल. म्हणून साडीचा रंग बरोबर पायजे, ताई. ह्या फोटोत तिनं सोता इणलेली साडी हाय. जांभळी. कडक जांभळी. मी त्या पदरात तोंड खुपसून झोपायचो, मला चांगली याद हाय."

मी फोटोवरून मोठं रंगीत चित्र केलं. ती मिटलेली मूठ मला खटकत होती. बोटं जरा सैल करावीत असं मनात आलं होतं, पण शेठ म्हणाले, आहे तसं ठेवा. केस मात्र झकास जमले — मधोमध भांग, घट्ट अंबाडा, सगळं काळंभोर. कॅमेऱ्यानं चार रंगांच्या चार निगेटिव्ह काढल्या, त्यांवरून छपाईच्या प्लेटा केल्या आणि नमुन्याचे कागद छापून शेठना बोलावलं.

त्यांनी कागद हातात घेतला, उजेडाला नेला, परत आणला. "ताई," ते म्हणाले, "हे वांगं हाय."

खरंच वांगं होतं. लाल-निळ्याच्या ठिपक्यांतून कडक जांभळा येतच नाही, मळका येतो. भावाच्या आठवणीतली साडी आणि आमची साडी यांत भाजीमंडई आडवी आली होती. अप्पा कपाळाला हात लावून बसले. मी म्हटलं, पाचवा रंग टाकू.

गफूरभाईंनी संगमरवरी फरशीवर शाई घोटून असा जांभळा तयार केला की शेठ नुसती मान हलवत राहिले. मी निगेटिव्ह हातात घेतल्या. काम असं असतं — पाचवा रंग जिथं पडायचा, तिथं आधीच्या चारांनी कागद कोरा सोडायला हवा, नाहीतर खालचे रंग मिसळून पुन्हा वांगं. म्हणून प्रत्येक निगेटिव्हवर साडीची जागा ओपेक नावाच्या तपकिरी रंगानं ब्रशनं बुजवायची, म्हणजे कागदावर तिथं काही छापलं जात नाही. हा पाण्यात कालवलेला रंग, ओलं बोट फिरवलं की निघतो. काळ्याच्या निगेटिव्हवर मी एक गोष्ट जास्त केली. साडीच्या चुण्यांच्या बारीक रेषा तेवढ्या उघड्या ठेवल्या, म्हणजे जांभळा सपाट दिसणार नाही. ही माझी पद्धत, दुसरं कुणी तिथं तसं करत नसे. एवढं झाल्यावर नव्या प्लेटा झाल्या आणि खरी छपाई सुरू झाली. पाचव्या रंगाची फिल्म मी निवांत करणार होते, कारण चार रंग छापून वाळेपर्यंत वेळ होता.

काळा रंग छापला त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास गफूरभाई माझ्या टेबलाशी आले. हातात कागद.

"सुनंदाताई, साडीची जागा तुमी सोडली ते समजलं. पन बाईच्या डोक्यात पन सोडलीय काय?"

मी बघितलं. साडीची जागा कोरी, ते ठीकच. पण वर केसांत, उजव्या कानामागून अंबाड्याभोवती एक कोरी पट्टी होती. पांढरीशुभ्र. पिवळा, लाल, निळा, काळा, चौघांनीही तेवढी जागा सोडलेली.

"आधी का नाही सांगितलंत?"

"मला काय ठावं? मला वाटलं मुद्दाम सोडलंय. साडी सोडली, तसंच ह्ये पन."

सगळा कागद छापून झाला होता. लग्न तोंडावर. अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता कॅमेऱ्याचा हार काढून माझ्या फोटोला घालतात. मी चारही निगेटिव्ह काचेच्या टेबलावर ठेवल्या आणि खालचा दिवा लावला. चारांतही ती पट्टी होती, एकावर एक ठेवल्या तर केसभरही सरकत नव्हती. मनात आलं, ओपेक सांडला असेल. चार वेळा, अगदी त्याच जागी? तरी ओलं बोट फिरवलं. साडीच्या कडेचा ओपेक बोटाला लागला, पट्टी मात्र तशीच राहिली. ती वरून लावलेली नव्हतीच. फिल्मच तिथं तशी होती, म्हणजे कॅमेऱ्यानं जणू तसंच बघितलं होतं. आणि याच निगेटिव्हवरून छापलेले ते वांग्याचे नमुने माझ्या शेजारी पडले होते. त्यांत केस सलग काळे. मूळ चित्रात काळे, फोटोतही काळे.

मग मी भिंग लावलं. पट्टी नुसती कोरी नव्हती. काळ्याच्या निगेटिव्हमध्ये तिच्यात बारीक रेषा होत्या. पाकळ्या होत्या त्या... नाजूक, जरा दुमडलेल्या, एकाला एक लागून. साडीच्या चुण्या मी जशा ठेवल्या होत्या, अगदी तशाच. माझ्या पद्धतीनं, पण माझ्या हातानं नाही. खोटं कशाला सांगू, भीती वाटली नाही. एखाद्यानं ओळखीचं काहीतरी हळूच टेबलावर ठेवून जावं, तसं वाटलं.

फुलं कसली ते लगेच कळलं. कोरांटी. आमच्या परसात कुंपणाला होती, हिवाळ्यात फुलायची. आणि ती कोरांटी जांभळी होती.

अप्पांना म्हटलं, कागद वाया घालवायचे नसतील तर एकच उपाय आहे. पाचव्या रंगात साडीबरोबर ही वेणीही भरते. दुसरा मार्ग तरी कुठं होता? मी पारदर्शक फिल्म पसरली, साडी भरली, आणि मग त्या पट्टीवर आले. इतकं सोपं काम मी आयुष्यात केलं नाही. ब्रश नुसता टेकवायचा, कडा आपसूक मिळत होती. दुसऱ्या दिवशी गफूरभाईंनी जांभळा चढवला. कोरी जागा भरली आणि कागदावरची ती ताठ मुलगी एकदम जिवंत झाली. गफूरभाई मशीन थांबवून म्हणाले, "माशाल्ला, आता शादी झाल्यागत दिसतीय." अप्पासुद्धा हसले.

शेठ हसले नाहीत. साडी बघून त्यांचे डोळे भरले, मग नजर वर गेली आणि चेहरा उतरला. "फुलं कुणी घातली?"

मी म्हटलं, चूक झाली.

"ताई, अक्का आता इधवा हाय. आधीच रागात. म्हनंल, हा तम्मी, धाकला भाऊ, माझी थट्टा करतोय, इतकी वर्सं घातली न्हाईत ती फुलं आता डोक्यात घालतोय." ते बाकावर मटकन बसले. नवे कागद छापायला वेळच नव्हता. हळद दोन-चार दिवसांवर आलेली, आणि पद्मा ऐकणारी नव्हती. मग ते म्हणाले, "तुमी चला संगं. तुमीच सांगा तिला, चूक तुमची म्हणून."

अप्पांनी माझ्याकडं न बघता मला रजा मंजूर केली.

होटगीला पॅसेंजरनं गेलो. गाडीभर शेठ त्या गुंडाळीला दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. रेल्वेच्या क्वार्टरपुढं उन्हात एक बारीक अंगाची बाई तुरीच्या शेंगा सोलत होती. फोटोतलाच ताठ कणा, फक्त केस पांढरे. तिनं भावाकडं बघितलंच नाही. मला म्हणाली, "बस पोरी. माठातलं पाणी घे." मग शेंगांकडं बघत, "ह्याला तहान लागली आसंल तर गाईचा हौद तिकडं हाय."

शेठ गाईच्या हौदाकडं बघत उभे राहिले. एवढा मोठा कारखानदार, पण त्या अंगणात तो लहान झाला होता. मीच कागद उलगडून तिच्यापुढं धरला आणि पाठ केलेलं बोलायला लागले, "अक्का, आधी सांगते, ती केसांतली फुलं चुकून..."

"चुकून?" ती म्हणाली.

तिनं हात पदराला पुसले. कागद घेतला, लांब धरला, मग जवळ घेतला. वेणीवरून बोट फिरवलं. आणि अक्का हसायला लागली. खुदुखुदु नाही — मोकळं, पोट धरून, सूप मांडीवरून सांडेपर्यंत. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच होती.

"तम्मी," ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिनं भावाला मारलेली ती पहिली हाक. "ही तू ओवलेली, बग. कशी वाकडी हाय ती."

शेठना काही उमजेना, मलाही. मग तिनं सांगितलं. फोटो काढायला जायच्या दिवशी या एवढ्याशा भावानं कुंपणाची कोरांटी तोडून, मागाच्या तुटक्या सुतात ओवून तिला वेणी दिली होती. वेडीवाकडी, मध्ये फुलं गळालेली. ती घालून अक्का स्टुडिओत गेली. सासू म्हणाली, हे काय गवत डोक्यात, काढ ते. अक्कानं काढली. "पर टाकली न्हाय. हा पोरगा दारात उभा होता की, बगत. त्याला वाटलं आसतं मी फेकली. मग मुठीत धरून बसले." तिनं कागदावरची ती घट्ट मूठ मला दाखवली. "ह्यात हाय ती."

ती मूठ मी सैल करणार होते.

शेठ अंगणातच खाली बसले. "अक्का, मला कसं आठवंना ह्ये?"

"तुला नाक पुसायचं आठवत नव्हतं, ह्ये काय आठवणार." तिनं त्यांच्या पाठीवर एक चापटी मारली. मग गंभीर होऊन म्हणाली, "माग इकलास, मला इचारलं न्हाईस. त्याचा राग हाय. तो ऱ्हाणार. पर पद्मीला सांग, मी हळदीला येते."

निघताना मी तिला हळूच विचारलं, हे छापलं कसं गेलं असेल? मला खरंच उत्तर हवं होतं. ती पुन्हा शेंगा सोलायला बसली होती. म्हणाली, "त्या कॅमेऱ्यानं सासूचं ऐकलं, तुझ्या कॅमेऱ्यानं माझं ऐकलं. त्यात काय एवढं?"

हळदीला प्रेसमधले आम्ही सगळे गेलो. साखर पेठेत शेठच्या घरच्या अंगणात बायकांच्या घोळक्यात नरसय्याशेठ मांडी घालून कोरांटी ओवत बसले होते, जीभ बाहेर काढून, आणि कुणी मदतीला हात घातला तर त्याच्यावर ओरडत होते. वेणी वाकडीच झाली. अक्कानं ती घातली. कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या कुजबुजायला लागल्या तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, "फोटो काढायचाय, गप बसा." मग तिनं पद्माच्या गालाला पहिली हळद लावली, आणि फोटोवाल्यासमोर आत्या-भाची बसल्या. अक्काचे दोन्ही हात मोकळे होते. मी मुद्दाम बघितलं. इतका आनंद मी माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा पाहिला नाही, आणि माझ्या लग्नात जिलब्या चांगल्या होत्या.

इथं गोष्ट संपली असती तर मी म्हटलं असतं, सुनंदाबाई, तूच कधीतरी नकळत काहीतरी केलं असशील. पण पुढच्या वर्षी अक्का छापची लेबलं संपली आणि शेठनी पुन्हा ऑर्डर दिली. त्याच निगेटिव्ह कपाटातून काढल्या, नव्या प्लेटा केल्या. पाचही रंग छापून गफूरभाई कागद घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवला. साडी कडक जांभळी. केस सलग काळेभोर. वेणी नाही.

मी चार निगेटिव्ह काचेवर ठेवल्या. पट्टी नव्हती. भिंगातून किती वेळ शोधलं, पाकळीची एक रेष सापडली नाही. पाचव्या रंगाच्या माझ्या फिल्मवर मात्र वेणी होती, मीच भरलेली. तीही छापली गेली होती, पण खालचे केस काळे, तेव्हा काळ्यावर जांभळा दिसणार कसा. कागद तिरका धरला तर उन्हात शाईची किंचित चमक कळायची. अप्पा म्हणाले, दिव्याची तिरीप पडली असेल, फिल्म जुनी असेल, हवा दमट असेल. सोलापुरात, दमट. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

पहिल्या छपाईतला एक कागद माझ्याकडे काचेत लावलेला आहे. भाचीनं परवा तो भिंगाखाली धरला, फोनमध्ये मोठा करून बघितला, आणि मला विचारलं, "पण मावशी, चारही रंगांत ही जागा सोडली कुणी?" मी तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मला माहीत नाही. मला जागा तयार मिळाली, मी फक्त रंग भरला.